चिखलातली रेघ

“बाबा, हे काटे इथे कोणी टाकले?”

“मेंढ्या येतात.”

“मेंढ्या काटे टाकतात?”

“मेंढ्या येऊ नयेत म्हणून मी टाकलेत. सकाळी सकाळी वकिलासारखी काय उलटतपासणी घेतेस? ने ना सगळ्यांना डावीकडून.”

मुलीने एक पाय जमिनीवर टेकवला आणि हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली ओढत बापाकडे नीट पाहिलं. आठ पाहुणे पडक्या कमानीच्या सावलीत पाणी पीत उभे होते. मागे, तासाभराच्या अंतरावर, जुन्या शहराची तटबंदी उन्हात पिवळी पडत होती. पुढे वाटेला दोन फाटे. सरळ वाट रुंद आणि मोकळी, सत्तर-ऐंशी पावलांत उतरून खाली आडव्या पडलेल्या दगडी खांबापाशी पोचणारी. डावी वाट पडक्या स्नानगृहाला वळसा घालून, भिंतींच्या फटींतून, धोंड्यांवरून आदळत त्याच खांबापाशी येणारी.

“चिखल कधीच वाळलाय, बाबा. डावीकडून उतरताना खांबाजवळचं वळण दिसत नाही. नाकासमोर गेलं की थेट टाकं. आणि टाक्याचा कठडा ढासळलाय, तूच सांगितलंस मला.”

“पुढे तू आहेस. मागे मी आहे. मधल्यांना कसली भीती?”

मुलीने तोंड मिटलं आणि सायकल पाहुण्यांकडे वळवली. हे तोंड मिटून निघून जाणं तिने आईकडून घेतलं होतं. आईचं मात्र ते क्वचित, आणि हिचं महिन्याभरात चौथ्यांदा.

पर्यटकांना सायकलवरून हे अवशेष दाखवणं हा नवरा-बायकोचा धंदा, आणि एकोणीस वर्षं तो या वाटेवर सगळ्यांच्या मागून सायकल चालवत होता. सायकलच्या दुकानापासून वेशीवरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्याला ‘शेपूट’ म्हणत, आणि त्याच्या बायकोला ‘पुढारीण’. ती पुढे. मध्ये पाहुणे. शेवटी तो. तसं पाहिलं तर लग्नानंतर घरात पाऊल टाकतानाही ती पुढे होती आणि तो बॅगा सांभाळत मागे. धंद्याने फक्त त्यावर शिक्का मारला.

शेपटाचं काम लोकांना सोपं वाटतं. कोणाची साखळी उतरते, कोणाच्या पोटरीत गोळा येतो, कोणी नवऱ्यावर रुसून हळू चालवतं. हे सगळं गोळा करत यायचं. आणि दमलेल्या माणसाला ‘दमलात का’ असं कधीही विचारायचं नाही. विचारलं की तो हटकून ‘छे’ म्हणतो, आणि पुढच्या चढावर आडवा होतो. त्याऐवजी आपण थांबायचं, खाली वाकायचं, आपल्याच चाकातली हवा दाबून बघायची. मग तो माणूस आपसूक टेकतो, पाणी पितो, वर ‘काय, पंक्चर का?’ म्हणून आपली कीवही करतो. हे त्याने स्वतः शोधून काढलं होतं आणि त्याला त्याचा थोडा गर्व होता.

प्रत्येक फाट्यावर तो पोचला की ओरडायचा, “मागे कोणी नाही!” ते ऐकल्याशिवाय बायको पुढे हलायची नाही. दिवसभर एकाच वाटेवर असून दोघांची गाठ पडायची ती अशी, वाऱ्यावरून. बाकी तिची खूण म्हणजे तिच्या मागच्या टायरची रेघ. त्या टायरचा एक दात तुटला होता. मातीत चाकाच्या दर फेरीला एक रिकामी जागा उमटायची, हसणाऱ्या पोराचा दात पडलेला असावा तशी. पाहुण्यांची चाकं त्यावरून जायची, शेवटी त्याचंही. तरी कडेला कुठे तरी ती फट दिसायचीच, आणि तो मनाशी म्हणायचा, चला, आहे.

दीड महिन्यापूर्वी या सरळ उतारावर जुन्या पाटाचं पाणी पाझरून चिखल झाला होता. बायकोने पाहुण्यांना डावीकडून सोडलं आणि स्वतः एकटी चिखलातून सरळ उतरली, खांबाजवळ उभं राहून सगळ्यांना टाक्याकडे जाण्यापासून वळवायला. तो शेवटी पोचला तेव्हा ती खांबावर बसलेली होती. पाहुण्यांना म्हणत होती, “काढा, फोटो काढा, एवढा देखणा खांब परत दिसायचा नाही.” ती कधी बसत नसे.

“अहो शेपूट, उजाडलं का?”

“तू बसलीस कशी? म्हातारी झालीस!” तो म्हणाला. ती हसली. तोही हसला. पाहुणेही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणातल्या नळाखाली पाण्याच्या बाटल्या भरत होती. तो आत तेलाचा डबा शोधत होता. नळाचा आवाज फार वेळ येत राहिला म्हणून तो ओरडला, “अगं, पाणी वाया चाललंय!” मग बाहेर आला.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी तो पुन्हा सायकलवर बसला, एकटाच, पाय नेतील तिकडे. ती इथून उतरली त्याच आठवड्यात दुरुस्तीच्या गवंड्यांनी पाट बुजवला होता. चिखल सुकून विटेसारखा झाला होता. त्यात एकच रेघ होती, दात पडलेली. वरून ती सरळ निघाली होती. मग नागमोडी झाली. मग रेघेच्या डाव्या बाजूला बुटाचा ठसा, टाचेपर्यंत रुतलेला. मग दुसरा. मग चालत, चालत. एका जागी दोन्ही बूट शेजारी शेजारी, आणि चाक खोल दबलेलं, सायकलवर सगळा भार टाकून कोणी उभं राहावं तसं. उतारावर. चढावर नव्हे, जिथे शाळकरी पोरंही पाय वर उचलून घरंगळतात त्या उतारावर ती उतरून चालली होती.

वाटेत कोण दमलं हे ओळखण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो माणूस त्या ठशांपाशी बराच वेळ उकिडवा बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याने काटेरी फांद्या तोडून आणल्या. मुलीने आईची जागा घ्यायला शहरातली नोकरी सोडली होती. तिला त्याने सांगितलं, मेंढ्या.

“गिअर हलका कर,” पाहुण्यांतला एक नवरा बायकोला शिकवत होता. सकाळपासून तो तेच करत होता. “हलका म्हणजे तो नव्हे! तो दुसरा!”

“मग तूच चालव दोन्ही सायकली,” पिवळ्या हेल्मेटवाली म्हणाली. तिने कानात गाण्याची बोंडं घातली, ती रागानेच.

मुलगी निघाली. एकेक करून सगळे डावीकडे भिंतीआड गेले. नवरा पाचवा की सहावा, मागे वळूनही न बघता. पिवळं हेल्मेट सगळ्यात शेवटी, बरंच अंतर ठेवून. आता शेपटाने तिच्या मागोमाग निघायचं. पण काट्यांची एक फांदी सरकली होती, आणि आतल्या ठशाच्या टाचेपाशी मेंढीच्या खुराचा कोपरा लागला होता.

तो उतरला. फांदी उचलून नीट लावली. ठशात पडलेली काटकी दोन बोटांनी काढली. रोज तो एवढं करायचा, आणि रोज पाहुण्यांना गाठायचाही. आज वाकल्यावर गुडघा लवकर सरळ होईना.

मान वर केली तेव्हा त्याला खाली खांब दिसला. मागे बाबा आहे या भरवशावर मुलगी आणि बाकीचे वळण घेऊन शेताच्या वाटेला लागले होते. भिंतीच्या टोकाकडून पिवळं हेल्मेट एकटंच बाहेर पडलं, क्षणभर अडखळलं, आणि नाकासमोर निघालं. टाक्याकडे.

“ओ ताई! थांबा! ओ बाई!”

कानात गाणी. चाकाला उतार.

वळशाने जायला वेळ नव्हता. त्याने सायकल काट्यांवर घातली. फांद्या पायाला ओरबाडत दोन्हीकडे उडाल्या. त्याने रेघेकडे पाहिलं नाही. पण चाकाखाली सुकलेली माती पापडासारखी मोडत गेली, ते त्याला हँडलमधून हातात कळत होतं. तेरा पावलांएवढं अंतर. मग कडक जमीन, मग खांब, आणि मग तो आडवा तिच्या पुढ्यात.

ती त्याच्यावर आदळली. दोन सायकली, दोन माणसं, एक ढीग.

“वेडे आहात का तुम्ही? आडवे काय—” ती उठता उठता ओरडली, आणि मग तिने पुढे पाहिलं. चार हातांवर जमीन संपली होती. ढासळलेल्या कठड्यापलीकडे दगडी पायऱ्या खोल, हिरव्या काळोखात गेल्या होत्या.

ती कठड्यापासून मागे सरकून बसली. कानातलं बोंड काढून म्हणाली, “त्याला कळलंसुद्धा नाही ना? मी मागे नाही ते?”

“पुढच्याला कळत नाही, ताई. म्हणून तर मागे माणूस ठेवतात.”

बोलून झाल्यावर त्याला ते शब्द ऐकू आले. तो सायकलची वाकडी झालेली ब्रेकची दांडी सरळ करत राहिला.

मुलगी परत चढून आली ती धापा टाकत. “सातच भरले, बाबा! सात! तू कुठे होतास?” मागून नवरा धावत आला आणि बायकोपाशी बसून तिच्या खरचटलेल्या कोपरावर फुंकर घालू लागला. ही विद्या त्याला गिअरपेक्षा बरी येत होती.

मुलीने बापाच्या रक्ताळलेल्या नडग्या पाहिल्या, वर उधळलेले काटे पाहिले, आणि सरळ उतार चढून गेली. तो मागून गेला. मागून जाण्याची सवयच होती.

रेघ मधोमध चुरा झाली होती. कडेला कुठे कुठे तो दात दिसत होता. वरच्या अंगाला एका बुटाचा अर्धा ठसा शिल्लक होता.

“आईचा टायर,” मुलगी म्हणाली.

“उतारावर चालत उतरली ती. मी डावीकडून आलो. खाली येऊन तिला म्हणालो, म्हातारी झालीस.”

मुलीने त्या अर्ध्या ठशाच्या कडेवर बोट टेकवलं. मग म्हणाली, “मला माहीत होतं.”

“काय?”

“दम लागतो, छातीत भरून येतं. फोनवर म्हणाली होती. मी म्हटलं डॉक्टरकडे जा, तर म्हणे, हा सीझन संपू दे. आणि बाबांना सांगितलंस तर याद राख, ते मला पुढून काढून मागे घालतील.” तिने हेल्मेटचा पट्टा सोडला. “मी नाही सांगितलं, बाबा.”

दीड महिना एका घरात दोघं एकमेकांना चहा करून देत होते, आणि दोघांच्या पोटात एकच दगड.

त्याने नडगीतला काटा काढला. बराच वेळ लावला त्याला.

“तुझं ऐकलं असतं तिने?”

“नाही.”

“माझं?”

“तुझं तर मुळीच नाही.”

दोघांच्याही तोंडावर हसू येता येता मोडलं. मुलीने तोंड फिरवलं, आणि वाकून काटे गोळा करायला लागली. एकेक फांदी उचलून तिने दूर भिंतीपलीकडे टाकली. त्याने अडवलं नाही.

“येताना सगळ्यांना इथूनच आणते,” ती म्हणाली. “सरळ.”

“आण.”

“तू पुढे येतोस का? मी मागे राहते आज.”

“नको गं. पुढून मला काही दिसत नाही.”

दुपारी परतताना आठही पाहुणे सरळ वाटेने चढले. नवरा बायकोच्या मागे होता आणि गिअरबद्दल अवाक्षर काढत नव्हता. वाळक्या मातीची धूळ उडाली, चाकं एकमेकांच्या रेघांवरून गेली, आणि सगळे वर कमानीपाशी पोचले.

शेपूट खांबापर्यंत सायकलवर आला. तिथे उतरला. सायकल उजव्या हाताला घेऊन तो वाटेच्या कडेने, गवतातून, चालत चढू लागला. मध्ये एका जागी थांबला, दोन्ही पाय शेजारी ठेवून, हँडलवर भार टाकून. मग पुन्हा चालू लागला.

“काका दमले वाटतं,” कमानीखाली कोणी तरी म्हणालं.

मुलगी हलली नाही. वर येऊन त्याने श्वास घेतला आणि नेहमीसारखं ओरडायला तोंड उघडलं. आवाज निघाला तो शेजाऱ्याला ऐकू जाण्यापुरता.

“मागे कोणी नाही.”

आता तिने निघायला हवं होतं. ती सायकलवरून उतरली, खाली वाकली, आणि आपल्या मागच्या चाकातली हवा अंगठ्याने दाबून बघू लागली.

“काय, पंक्चर का?” पिवळ्या हेल्मेटवालीने विचारलं.

“हवा कमी वाटते जरा,” ती मान वर न करता म्हणाली. “बसा पाच मिनिटं.”

ते चाक सकाळी त्यानेच भरलं होतं. दगडासारखं टणक होतं. तो कमानीच्या झिजलेल्या पायरीवर बसला आणि त्याने पाण्याची बाटली उघडली.