मागच्या रांगेतल्या दोन खुर्च्या

"आत जागा नाही, बाई," रखवालदार म्हणाला. माझ्या डोळ्यांत बघायचं त्याने टाळलं.

"मला जागा नाही?"

"लोक भिंतीला टेकून उभे आहेत. तुम्हीच बघा."

मी वाकून बघितलं. सभागृहात नुसती डोकी, आणि डोक्यांच्या वर फोन. एरवी दर गुरुवारी दुपारी मी याच दारातून आत जायची, तेव्हा व्यासपीठावर चार म्हातारे आणि खाली मी, एवढाच कारभार. नंतर त्यात माझ्याबरोबर माझी धाकटी बहीण यायला लागली. आज ती पहिल्या रांगेत होती आणि मागे वळून लोकांना हात करत होती. घरचं कार्य असावं असा तिचा थाट.

"ऑफिसातून मला ओरडा बसलाय," रखवालदार हळूच म्हणाला. "आजचं निभावा म्हणाले. पुढच्या गुरुवारपासून दार बंद. तुम्ही इथेच उंबऱ्यावर उभ्या राहा, मी काही बोलणार नाही."

मी उभी राहिले. दुसरं काय करणार?

मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवतात, त्यावरून मेणात दात बसवायचे, मग पक्की कवळी झाली की फिरत्या चाकावर घासून गुळगुळीत करायची. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, माझं दात घासून भरतं. पण ते चाक दिवसभर कानाशी किंचाळतं. घरी जाऊन दार लावलं तरी डोक्यात त्याचं फिरणं चालूच. रेडिओ लावून पाहिला, उपयोग नाही. खरा माणूस समोर बसून खरं वाद्य वाजवायला लागला की मात्र ते थांबतं. हा शोध मला एका वाद्यांच्या दुकानात लागला. एक गिऱ्हाईक पियानो वाजवून बघत होतं आणि मी दारात उभी होते. माझं डोकं इतक्या वर्षांनी गप्प झालं.

तिकीट काढून मैफलीला जाणं मला झेपणारं नव्हतं. मग मी शोधायला लागले. संगीत महाविद्यालयात परीक्षा असल्या की मुलांना समोर कुणीतरी ऐकायला हवं असतं, तिथे कुणी हटकत नाही. मोठ्या इस्पितळाच्या दर्शनी भागात रविवारी सकाळी एक निवृत्त बाई गातात. वाचनालयाच्या अंगणात वर्षातून कधीतरी वाद्यवृंद येतो, पण ती जाहिरात फक्त आतल्या फळ्यावर, तीही पुस्तकांच्या दंडाच्या सूचनेखाली. मी भिंतीवरचं प्रत्येक पत्रक खालून वर वाचते. वर कलाकारांची नावं मोठ्या अक्षरात असतात. मला हवे ते शब्द तळाशी, बारीक: प्रवेश विनामूल्य.

नवऱ्याने सोडलं तेव्हा धाकटी माझ्याकडे आली. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जेवायला उठवलं तर म्हणायची, "भूक मेलीय गं ताई." डॉक्टर झाले, मैत्रिणी झाल्या. शेवटी मी तिला हाताला धरून इस्पितळातल्या त्या गाणाऱ्या बाईंसमोर नेऊन बसवलं. दुसऱ्या गाण्याला ती रडली आणि घरी येऊन दोन वेळचं एकदम जेवली.

"असं फुकट कुठे कुठे असतं गं?" तिने विचारलं.

"फुकट म्हणू नये," मी म्हणाले. "फुकट हा घेणाऱ्याचा शब्द. देणाऱ्याचा शब्द विनामूल्य."

ती हसली. कित्येक महिन्यांनी हसली. त्या हसण्यापायी मी तिला माझं सगळं शहर दाखवलं, आणि सगळ्यात शेवटी हा गुरुवार.

हा गुरुवार कुठल्याच पत्रकावर नव्हता. चार म्हातारे तालमीला जमायचे, दोन व्हायोलिनं आणि त्यांच्यापेक्षा मोठी दोन वाद्यं. दोघांना कवळ्या आहेत हे मी लांबूनच ओळखलं होतं. रखवालदाराला एकदा त्याच्या आईची मोडलेली कवळी सांधून दिली होती, तेव्हापासून माझ्यासाठी मागचं दार उघडं. त्याची अट एकच, तालमीत व्यत्यय नको. बाकीचे नियम माझे. बसायचं मागच्या रांगेत, अंधारात. खोकला आला तर रुमालात. निघताना खुर्ची होती तशी सरळ करायची, तेच आपलं तिकीट. आणि टाळी नाही. मैफलीत टाळी म्हणजे दाद, तालमीत तीच टाळी म्हणजे मध्ये बोलणं. त्यांचं अजून संपलेलं नसतं.

एका तुकड्यात एक जागा होती. सूर पायरी पायरीने चढत जायचे आणि शेवटच्या उडीला पहिला व्हायोलिनवाला अडखळायचा. थांबायचा, मान हलवायचा, "पुन्हा" म्हणायचा. पुन्हा तिथेच. मला ती जागा तोंडपाठ झाली होती. चाकावर काम करताना मी मनात त्याच्याबरोबर चढायची आणि त्याच्याबरोबर पडायची.

"ज्या दिवशी हा ही उडी मारेल ना," मी धाकटीच्या कानात म्हणाले होते, "त्या दिवशी आपण इथे असायला हवं."

"असूच की. दोघी असू."

पुढे ती फोनवर लोकांसाठी लिहायला लागली. कुठे काय आहे, कधी जावं. नाव ठेवलं 'फुकटची मैफल'. ते नाव मला बोचलं, पण पोरगी उठून बसली होती, नटून बाहेर पडत होती. लोक तिला मैफलताई म्हणायला लागले. मी एवढंच म्हणाले, "सगळं लिही, गुरुवार नको लिहूस."

"वेडी आहेस का? तो आपला आहे."

तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला लहानपणापासून माहीत. तरी मी विश्वास ठेवला. सख्ख्या बहिणीवर ठेवायचा नाही तर कुणावर?

परवा कारखान्यात रेडिओ चालू होता. शेजारच्या टेबलावरची सहकारीण म्हणाली, "अगं, तुझ्या बहिणीचा आवाज!" मी चाक बंद केलं.

"फुकट हा घेणाऱ्याचा शब्द," धाकटी सांगत होती, अगदी ठसक्यात. "देणाऱ्याचा शब्द विनामूल्य. मी हे नेहमी म्हणते."

"वा!" मुलाखत घेणारा म्हणाला. "ही आवड घरातूनच आली का?"

"छे हो. आमच्या घरात कुणालाच गाण्याचा कान नाही. मी एकटीच वेडी."

मग तिने या सभागृहाचा पत्ता सांगितला. वार सांगितला, वेळ सांगितली, मागचं दार सांगितलं.

"काय छान बोलते गं," सहकारीण म्हणाली.

"हो ना," म्हणून मी चाक सुरू केलं. हातातल्या कवळीचा पुढचा दात इतका घासला गेला की ती सगळी नव्याने करावी लागली.

संध्याकाळी मी तिला विचारलं. आवाज चढवला नाही, चढवायला हवा होता.

"अगं, तिथे दोन मिनिटं देतात," ती म्हणाली. "तुझं सांगत बसले असते तर लांबलं असतं."

"आणि गुरुवार?"

"लोकांना आनंद मिळतो, ताई. सगळं आपल्यापुरतंच ठेवायचं का? तू ना, जरा कोत्या मनाचीच आहेस."

केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. कापणाऱ्याला आपण काही कापतोय याचा पत्ताही नसतो.

तरी मी आज आले. जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता.

म्हाताऱ्यांनी गर्दीकडे बघून एकमेकांकडे बघितलं आणि वाद्यं उचलली. तोच तुकडा. मी उंबऱ्यावर चौकटीला धरून उभी. सूर चढायला लागले. एक पायरी, दुसरी. माझ्या हाताची मूठ आवळली. आणि म्हाताऱ्याने उडी मारली. अडखळला नाही. सूर वर गेला आणि तिथेच राहिला, आणि माझ्या डोक्यातलं चाक थांबलं.

तेवढ्यात टाळी पडली. पहिल्या रांगेतून, माझ्या बहिणीची. मग अख्खं सभागृह वाजलं, शिट्ट्या झाल्या. उडीनंतर काय येतं ते मी कधीच ऐकलं नव्हतं, कारण तिथपर्यंत ते कधी पोचलेच नव्हते. आजही कुणाला ऐकू आलं नाही. म्हाताऱ्याने व्हायोलिनचा गज खाली घेतला, जरा वेळ वाट बघितली आणि वाद्य पेटीत ठेवायला लागला.

गर्दी व्यासपीठाशी लोटली. म्हातारा डोळे बारीक करून मागे बघत होता.

"इथे मागच्या रांगेत दोघी बसायच्या," तो म्हणाला. "कधी टाळी वाजवली नाही त्यांनी. आज नाही आल्या का?"

"मीच ती!" धाकटी पुढे झाली. लोकांनी फोन तिच्याकडे वळवले.

"दोघी होत्या ना पण?"

तिने दाराकडे बघितलं. मी तिला दिसले. चांगली दिसले.

"नाही," ती म्हणाली. "मी एकटीच यायचे."

"असेल," म्हातारा म्हणाला. "माझे डोळे काही धड नाहीत आता."

लोक पांगले. खुर्च्या कशाही पडल्या होत्या, काही आडव्या, काही एकमेकींवर चढलेल्या. मी आत गेले आणि मागच्या रांगेपासून सरळ करायला लागले.

"ताई, अगं खुर्च्या काय लावत बसलीस?" धाकटी लगबगीने आली. चेहरा फुललेला, पण माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. "चल ना, त्या वादकांशी ओळख करून देते तुझी."

"कोण म्हणून?" मी विचारलं.

बाहेरून कुणीतरी "मैफलताई!" अशी हाक मारली. ती तिकडे गेली.

माझी सुट्टी संपत आली होती. मी सगळी रांग लावली. माझी खुर्ची होती तिथे सरळ करून ठेवली. शेजारची तिची घडी घातली आणि भिंतीशी जादा खुर्च्यांचा ढीग होता, त्यावर ठेवून दिली.