अकेचचा पाय कोरडा ठेवणे

सगळ्या जगाला एका शून्याची घाई झाली होती आणि त्या शून्याच्या आड अकेच नावाच्या तरुण गुराख्याचा डावा घोटा आला होता.

घोट्यातून नारू डोकावत होता, पांढरा, शेवयीसारखा. यंदा आमच्या भागात नारूचा एकही रोगी निघाला नसता, तर परदेशी पाहुणे येऊन भाषणं करणार होते आणि नारू-निर्मूलन अधिकारी म्हणून मी टाळ्या वाजवणार होतो. राजधानीहून फोन आला, "एकच आहे ना? मग त्या एकाला पाण्यात जाऊ देऊ नका, पुढच्या वर्षी तरी शून्य येईल. बस."

बस म्हणायला काय जातं. नारू बाहेर पडताना पाय असा जळतो की माणूस पाणी शोधत सुटतो. पाय पाण्यात गेला की नारू तिथं आपली पिल्लं सोडतो. ती पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जातात, ते पाणी लोक पितात आणि वर्षभरानं घरोघरी घोटे फुटतात. आमच्याकडे तळं एकच. गाव तेच पितं आणि गुरांमागे फिरणारेही तेच पितात.

म्हणून अकेच आमच्या केंद्रात डांबलेला. परिचारिका अयेन रोज सकाळी नारू पट्टीवर थोडाथोडा गुंडाळायची. जोरानं ओढला तर तो तुटतो आणि तुटला तर पाय सुजून पिकतो. इथं घाई चालत नाही आणि अकेचजवळ घाईशिवाय काही नव्हतं. तो दारापर्यंत जायचा, परत यायचा, बसायचा, पुन्हा उठायचा. त्याला बघून मलाही एका जागी बसवेना.

"ताई, जरा जास्त ओढ ना."

"पाय आहे की विहिरीचा दोर?"

"गवत सुकलंय. गुरं दलदलीकडच्या कुरणाला निघाली. माझ्या माकुएईला कोण नेणार?"

माकुएई हा त्याचा बैल. अंग काळं, डोकं पांढरं. आमच्याकडे प्रत्येक तरुणाचा एक लाडका बैल असतो आणि त्याच्यावर त्यानं स्वतः रचलेलं गाणं असतं.

"तुझा काका नेईल," मी म्हणालो.

"काकाला त्याचं गाणं येत नाही. पण तुला काय सांगायचं, साहेब? तू आपला बैल विकून खार्तूमला शिकायला गेलास. आणि शिकून काय करतोस, तर लोकांच्या पायातले किडे मोजतोस."

आम्हा गुरांवर जगणाऱ्या डिंका लोकांत बैल नसलेल्या माणसाशी सगळे बोलतात, त्याचं ऐकत कुणी नाही.

दुपारी त्याचे काका वोल आले. "बैल हलत नाही. बाकीची गुरं पुढे गेली, हा आपला उभा. चरतसुद्धा नाही."

अकेचनं काठी उचलली. कुरणाची वाट पाण्यातूनच जाते. मी दारात आडवा झालो.

"काका, बैलालाच इकडे आणा."

"दवाखान्यात? बैलाला?" वोलकाका माझ्याकडे बघत राहिले. "लोक विचारतील, त्याला काय झालंय?"

"सांगा, भेटायला आलाय."

काका पुटपुटत गेले आणि ऊन उतरताना बैल घेऊन आले. उन्हातून चालून आलेलं जनावर आधी पाणी पितं, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. माकुएई केंद्रावरून सरळ पुढे गेला आणि पोटापर्यंत तळ्यात शिरला. काकांनी हाका मारल्या. त्यानं शेपूट हलवली. मग आणखी आत गेला.

अशा वेळी धन्यानं पाण्यात उतरून पाठ चोळायची, की बैल त्याच्यामागे मुकाट बाहेर येतो. ही रीत काठावरच्या सगळ्यांना ठाऊक होती. अकेच लंगडत धावला. मी मागून त्याच्या कमरेला मिठी मारली.

"सोड, साहेब! तिकडे गाळ आहे! रुतेल तो!"

"नाही सोडत."

"तुझा असता तर?"

मी मिठी आवळली. पाणी त्याच्या बोटांपासून वीतभर लांब होतं.

"अरे, ओरडतोस काय?" मागून अयेन म्हणाली. "गा की!"

अकेच गायला लागला. शिंगांचं कडवं झालं, पांढऱ्या डोक्याचं झालं, आजोळच्या गाईचंही झालं. माकुएईनं एक कान वळवला, तेवढंच. कडवी संपली. मग अकेच नवी रचू लागला:

*माकुएई, ज्याला बैल नाही त्यानं मला धरलंय,*
*नव्या नवरीसारखी माझी कंबर सोडत नाही.*

काठावर हशा उठला. मी धरून राहिलो. पुढचं कडवं माझ्या नाकावर होतं, त्यापुढचं इथं लिहिण्यासारखं नाही. त्या कडव्याला बैल वळला. सावकाश, चिखलातून एकेक पाय उपसत बाहेर आला आणि आमच्या अंगावरच त्यानं अंग झाडलं. अयेननं खांद्यावरचं कापड ओढून अकेचच्या घोट्यावर टाकलं. अकेचनं बैलाच्या मानेत तोंड खुपसलं. त्याच्या हातापायांची चुळबुळ थांबली. मी मात्र अजून त्याची कंबर धरून होतो.

"आता सोड," तो म्हणाला. "लोक बघतायत."

माकुएईला आम्ही केंद्राच्या झेंड्याच्या खांबाला बांधलंय. नारू अजून निम्मा आत आहे, पण अकेच पट्टीसाठी बसून राहतो. राजधानीतून रोज विचारणा होते. मी सांगतो, पाय कोरडा, तळं स्वच्छ. झेंड्याखाली शेण का, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

माझ्यावरची कडवी मात्र कुरणापर्यंत पोचली म्हणे. अयेन म्हणते, चाल चांगली आहे.