भिंतीच्या मागून

तिने गरम पाण्याच्या नळीचा व्हॉल्व्ह उघडला आणि पाणी उजवीकडच्या तोंडातून आलं. तिने तो बंद केला, क्षणभर थांबली, पुन्हा उघडला. पाणी काही ऐकेना. ते उजवीकडूनच येत राहिलं.

ती शेजारच्या बाथरूममध्ये गेली. तिथेही तेच. मजल्यावरच्या सहाही बाथरूममध्ये गरम उजवीकडे आणि थंड डावीकडे. गरम डावीकडे, थंड उजवीकडे, हा नळकामातला पहिला धडा. सकाळी अर्धवट झोपेत नळाकडे गेलेला हातसुद्धा तो पाळतो. आणि उद्या फरशीवाले येऊन या भिंती टाइल्सनी बंद करणार होते.

"बटणं बदलू की," मागून लंबू म्हणाला. तिच्याकडे कामाला असलेला हा माणूस उंच, आळशी आणि नको तितका हुशार. "लाल इकडे, निळं तिकडे. कुणाच्या बापाला कळायचं नाही."

"भाजलेल्या हाताला कळेल," ती म्हणाली. "छिन्नी-हातोडा काढ."

चूक कशी झाली हे तिला लगेच कळलं होतं. बाथरूमच्या मागे डक्ट असतो, सगळ्या नळ्या जिथून वर चढतात ती अरुंद पोकळी. तिथे उभं राहून काम केलं की डावं-उजवं उलटं होतं. म्हणून तर तिने नकाशात डक्टची बाजू वेगळी काढून दाखवली होती. नकाशा अजून खिळ्याला अडकवलेला होता. प्रत्येक बाथरूमसमोर लाल पेन्सिलीने 'झालं' अशी खूण होती, शेपूट लांब ओढलेली. अशी खूण एकच माणूस करायचा. आप्पा.

आप्पा म्हणजे तिचे वडील आणि तिच्या धंद्यातला पहिला नोकर. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली नळ जोडून ते घरी बसले आणि त्याच वर्षी तिने नोकरी सोडून स्वतःची पाटी लावली. पाटी कसली, एका जुन्या व्हॅनच्या दारावर रंगवलेली अक्षरं! या शहरात चटई अंथरण्याएवढ्या जागेचं भाडं ऐकूनही घाम फुटतो. त्यामुळे व्हॅन हेच दुकान, तेच गोदाम आणि तीच जेवणाची खोली. लोक फोन करून प्लंबर बोलवायचे आणि दारात बाई पाहून तिच्या खांद्यावरून मागे बघायचे. मागे आप्पा असायचे. "काका, काय झालं असेल हो?" असं कुणी विचारलं की ते हात जोडून म्हणायचे, "मालकीणबाईंना विचारा. आम्ही हुकमाचे ताबेदार." घरी गेल्यावर याच मालकीणबाईंना ते कप विसळायला लावायचे, ही गोष्ट वेगळी. पण हळूहळू लोक तिला विचारायला लागले. चार वर्षांत चार माणसं झाली आणि आता ही सात मजली इमारत. खालचे तीन मजले नीट उतरले तर वरचे चारही तिचेच, असं ठेकेदाराने कबूल केलं होतं. त्या भरवशावर तिने चौकाजवळचा एक गाळा बोलून ठेवला होता. हा तिसरा मजला.

गेल्या महिन्यात आप्पांनी लंबूला एकच वॉशर आणायला दोनदा पाठवलं होतं. तेव्हा सगळ्यांबरोबर तीही हसली होती.

हातोड्याचा आवाज ऐकून ठेकेदार वर आला. त्याच्यामागून आप्पा, खांद्यावर दोन नळ्या घेऊन. चांगलं प्लास्टर फोडलेलं पाहून ठेकेदार आप्पांकडेच वळला.

"काका, हे काय चाललंय?"

आप्पांनी नळ्या खाली ठेवल्या. उघड्या पडलेल्या भिंतीकडे ते पाहत राहिले आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. मग चष्मा काढायला त्यांचा हात खिशाकडे गेला आणि नजर नकाशाकडे.

तिने पुढे होऊन नकाशा खिळ्यावरून काढला, घडी घातली आणि खिशात टाकला.

"चूक माझी आहे," ती ठेकेदाराला म्हणाली. "नकाशा मीच उलटा काढला. दोन दिवसांत सगळं सरळ करून देते. खर्च माझा."

ठेकेदार ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो शांतपणे आप्पांना म्हणाला, "काका, पोरीच्या हाती कारभार दिलात, आता भोगा. तुम्ही लक्ष घातलं असतं तर झालं असतं का असं?"

तिने आप्पांकडे पाहिलं. त्यांनी काहीतरी बोलावं असं तिला फार वाटलं, आणि ते बोलले तर काय बोलतील याची भीतीही वाटली.

"नवीन आहे अजून," आप्पा म्हणाले. "होतं असं."

"होतं ना, पण माझ्या इमारतीत कशाला? हा मजला पुरा करा. वरचं मी दुसऱ्या कुणाला देतो."

तो जिना उतरून गेला. गाळा गेला. लंबूने एकदा तिच्याकडे, एकदा आप्पांकडे पाहिलं. मग हातोडा घेऊन तो पुढच्या बाथरूमकडे गेला. तिला आप्पांचा राग आला. राग आल्याची लाजही वाटली. दोन्ही गिळून तिने छिन्नी उचलली.

थोड्या वेळाने आप्पा येऊन शेजारी बसले. त्यांनी तिच्या हातातली छिन्नी काढून घेतली आणि दोन ठोक्यांत, जराही जास्त न फोडता, नळी मोकळी केली. हात अजून तसाच होता. मग लंबूला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ते म्हणाले,

"एवढं मनाला लावून घेऊ नकोस."

तिने मोकळ्या झालेल्या नळीवरचं सिमेंट बोटाने झटकलं.

"अगं, माझंही झालंय. पहिल्याच वर्षी. मिस्त्रीने अशी कानाखाली काढली होती की दोन दिवस कान वाजत होता. मी काही तुला मारत नाहीये." ते हसले. "भिंतीच्या मागून काम असलं की सगळं उलटं होतं. नकाशा काढायला बसलीस की डोळे मिटायचे आणि आधी स्वतःला पलीकडे नेऊन उभं करायचं. मग चुकत नाही. कळलं?"

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्यात लपवलेलं काही नव्हतं. पोरीची चूक पोटात घालणाऱ्या बापाचा तो चेहरा होता.

"कळलं, आप्पा."

"आणि त्याच्यासमोर स्वतःहून कबूल केलंस, ते फार बरं केलंस. मला नव्हतं तेवढं धाडस झालं."

तिने खाली वाकून विटांचे तुकडे गोळा केले. एकेक करून, बराच वेळ.

आप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले, जोडाचे तुकडे खिशात भरले आणि डक्टकडे निघाले.

"थांबा, मीही आत येते."

"दोघं कशी मावणार तिथे? तू बाहेरून सांग, मी करतो."

"नको. तुम्ही कसं करता ते मला जवळून बघायचंय. पुन्हा चुकायला नको."

आप्पांचा चेहरा खुलला. त्यांनी पोट आत घेतलं, पाठ भिंतीला चिकटवली आणि तिच्यासाठी जागा केली.