धाकटी मावशीकडे गेली आहे

"हात खाली घे. सरळ उभी राहा," तोंडातल्या टाचण्या न काढताच आई म्हणाली.

"सरळच उभी आहे," चिमणी म्हणाली.

तेरा वर्षांची चिमणी घरातली धाकटी. तिचा कणा मधोमध उजवीकडे वळला होता. उजवा खांदा वर आलेला, डावी बाजू दबलेली. आई घरीच कपडे शिवायची आणि तिच्या हातात कसब होतं. ते कसब ती आता लेकीवर वापरत होती. डाव्या खांद्यात कापसाची गादी, कमरेला सैल चुण्या. कपडा अंगावर चढला की कुणाला शंका येऊ नये.

चिमणी दवाखान्यात पाठीच्या व्यायामाला मोठ्या उमेदीनं जायची. तिथल्या बाई तिला दांडीला लोंबकळून पाठ ताणायला आणि आरशापुढे उभं करून दबलेल्या बरगड्यांत श्वास भरायला शिकवत. वाढीचं वय आहे, खंड पाडू नका, असं त्यांनी बजावलंही होतं. पण थोरलीचं लग्न जमत आलं आणि एके दिवशी शेजारणीनं जाता जाता विचारलं, "धाकटीला काय झालंय हो? सारखी दवाखान्यात दिसते." त्या दिवसापासून व्यायाम बंद झाला.

"ताईचं एकदा होऊन जाऊ दे. मग हवं तितकं लोंबकळ," आईनं सांगितलं. वडिलांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. थोरली चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिला हे मुळीच पटलं नव्हतं. पण मुलगा तिच्या मनात भरला होता. तीही गप्प बसली.

महिने गेले. चिमणीची पाठ दुखू लागली. तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

तारीख ठरवायला मुलाकडची माणसं आली, तेव्हा कापसाच्या गादीवरही आईचा भरवसा उरला नव्हता. तिनं चिमणीला शिवणाच्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी घातली.

चहा झाला. बोलणं रंगात आलं. मुलाच्या आईनं इकडेतिकडे पाहिलं. "धाकटी कुठं दिसत नाही?"

"मावशीकडे गेली आहे," आई म्हणाली.

एवढ्यात आतून धाडकन आवाज आला.

"मांजर असेल. मेलं नुसता उच्छाद मांडतं," असं म्हणत आईनं बिस्किटांची बशी पुढे सरकवली. घरात मांजर नव्हतं.

थोरलीचे कान खोलीकडे लागले. पडलेलं माणूस ओरडतं, निदान कण्हतं तरी. आतून मात्र काहीच ऐकू येत नव्हतं. ती उठली.

"बस तू," आई दबक्या आवाजात म्हणाली.

थोरलीनं कडी काढली. कपडे टांगायची दांडी भिंतीतून उखडून आली होती. गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या ढिगाखाली चिमणी पडली होती आणि तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"व्यायाम करत होते," ती कुजबुजली. "मी ओरडले नाही, ताई."

थोरलीनं तिला उठवलं, हाताला धरून बाहेर आणलं. "ही माझी बहीण. मावशीकडे गेलेली नाही. हिचा कणा वाकलाय. माझं लग्न मोडू नये म्हणून आम्ही हिचा व्यायाम बंद केला, आणि आज हिला कोंडून ठेवलं."

मग मुलाच्या आईनं विचारलं, "घराण्यातच आहे का हे? पुढे मुलांना वगैरे?"

"असूही शकेल. मला सांगता येत नाही," थोरली म्हणाली. तिनं मुलाकडे पाहिलं. मुलानं बापाकडे पाहिलं.

"कळवतो," बाप म्हणाला आणि उठला. नंतर कुणी काही कळवलं नाही.

"स्वतःच्या हातानं वाटोळं केलंस," आई त्या संध्याकाळी म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी थोरली चिमणीला घेऊन दवाखान्यात निघाली, तेव्हा चपला घालून आईही मागोमाग आली. नवा एक्स-रे जुन्याशेजारी लावला गेला. बाक वाढला होता, हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. "आता व्यायामानं सरळ होईल ना?" आईनं विचारलं.

"व्यायामानं पाठ अगदी सरळ होईल असं मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "आता डॉक्टर पाठीला आधार द्यायला पट्टाही सांगतील. दोन्ही मिळून बाक वाढायचा थांबवायला बघू."

चिमणी पुन्हा आरशापुढे उभी राहिली. श्वास घेता घेता थांबली. "माझ्यामुळे मोडलं ना, ताई?"

"नाही. मी मोडलं. श्वास घे."

रडू आलं, ते थोरलीनं घरी जाऊन एकटीनं रडून घेतलं.

काही दिवसांनी चिमणी म्हणाली, "व्यायामाला माझ्या शेजारच्या चटईवर असायची ती मुलगी येईनाशी झालीय. तिच्याही घरी लग्न आहे म्हणे."

"घर ठाऊक आहे तिचं?"

ठाऊक होतं. दोघी गेल्या. दार वीतभर उघडलं. आतल्या बाईनं आधी रस्त्यावर दोन्हीकडे नजर टाकली, कुणी बघतंय का ते पाहिलं, आणि मग म्हणाली, "ती घरी नाही. आजोळी गेली आहे."

थोरलीनं दारावर हात ठेवला. "काकू, आमचीही मावशीकडे गेली होती," ती शांतपणे म्हणाली. "मला पाच मिनिटं आत येऊ द्या."