सूनबाईनं निवडलेली जागा

सहलीला खरं तर बाबांचा मुलगा जाणार होता. तो आणि त्याची बायको, दोन आठवडे, त्यांच्या त्या व्हॅनमधून. पण निघायच्या तीन दिवस आधी कारखान्यातली मुख्य भट्टी बंद पडली आणि त्याची रजा रद्द झाली. सूनबाईची रजा मात्र मंजूर होती. निघायच्या आदल्या दिवशी चहा घेता घेता तिनं सासऱ्यांना सरळ विचारलं, "बाबा, तुम्ही येता का?"

बाबांना ठसकाच लागला. सासऱ्यानं सुनेबरोबर गाडीत राहायचं, स्वयंपाक करायचा, झोपायचं, हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना. शिवाय या प्रकाराबद्दलचं त्यांचं मत सगळ्या घराला तोंडपाठ होतं. "खोली नाही, हॉटेल नाही, दिसेल तिथं गाडी लावायची आणि आडवं व्हायचं. आमच्या वेळी याला बेघर म्हणायचे."

"अहो, जा ना," आई आतून म्हणाल्या. "पंधरा दिवस तरी चहात साखर कमी आहे हे मला ऐकावं लागणार नाही."

मग बाबांना नाही म्हणायला तोंड राहिलं नाही. आणि मनातून त्यांना एक ओढही होती. ती व्हॅन पूर्वी एका बेकरीची होती, अजूनही उन्हात तापली की तिच्यातून पावाचा वास यायचा. आतलं सगळं लाकूडकाम बाबांनी केलं होतं. चाळीस वर्षं सुतारकी केलेला माणूस, पण इतक्या चिमूटभर जागेत कपाट, ओटा आणि दोन पलंग बसवताना त्यांचा कस लागला होता. खालच्या पलंगाच्या जाड फळ्यांना त्यांनी एकही खिळा मारलेला नव्हता, नुसत्या खाचांत बसवल्या होत्या. त्या रस्त्यावर कशा टिकतात हे बघायचं होतं. हे अर्थात त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

सूनबाई जमीन मोजण्याच्या खात्यात होती. उन्हातान्हात दुर्बीण आणि साखळी घेऊन शेतं, माळ, ओढे पालथे घालायचे, हद्दीचे दगड शोधायचे आणि भांडणाऱ्या दोन शेजाऱ्यांच्या मधोमध उभं राहून शांत आवाजात बोलायचं, हे तिचं काम. घरात ती फार बोलायची नाही. लग्नाला आठ वर्षं झाली तरी बाबांची आणि तिची ओळख जेवणाच्या ताटापलीकडे गेली नव्हती. भांडण नव्हतं, दुरावा नव्हता, नुसता आदर होता, आणि आदरानं माणसं काही जवळ येत नाहीत.

पहिल्याच दिवशी चार वाजता तिनं मोठा रस्ता सोडला.

"इतक्या लवकर?" बाबांनी विचारलं.

"मुक्कामाची जागा उजेडात बघायची, बाबा. अंधारात सगळ्याच जागा चांगल्या दिसतात."

एका जुन्या झाडाखाली सुरेख सावली होती. बाबा म्हणाले, इथेच थांबू. तिनं मान वर करून फांद्या बघितल्या आणि गाडी पुढे काढली. "वरची मोठी फांदी वाळलेली आहे." पुढे एक मोकळं कुरण लागलं. तिथं ती खाली उतरली, मातीत उमटलेली चाकं बघून परत आली. "ट्रॅक्टरची खूण ताजी आहे. सकाळी कुणाला तरी आपली अडचण होईल." शेवटी एका बंद दगडखाणीच्या कडेला ती थांबली, आणि गाडी बंद करून सरळ जवळच्या घराकडे चालू लागली.

बाबा सीटला चिकटून बसले. लोकांच्या दारात जाऊन जागा मागायची, या कल्पनेनंच त्यांचे कान गरम झाले. दहा मिनिटांनी ती परतली, हातात चार अंडी.

"काय सांगितलंस त्यांना?"

"जागा मागितलीच नाही. विचारलं, ही जमीन कुणाची, आणि सकाळपर्यंत आम्ही इथं असलो तर कुणाला त्रास होईल का. त्या बाई म्हणाल्या, त्रास कसला, फक्त फाटक लावून घ्या."

"आणि अंडी?"

"ती त्यांनी म्हातारबाबांना दिलीत. तुम्ही काचेतून दिसत होता."

बाबांनी विषय बदलला. खिशातून पाणसळ काढली आणि ओट्यावर ठेवली, कारण तिरक्या गाडीत त्यांना झोप येणार नव्हती. नळीतला बुडबुडा बरोबर मधोमध होता. त्यांनी ती आडवी ठेवून बघितली, मग पलंगावर ठेवून बघितली. बुडबुडा हलेना. सूनबाईनं नुसत्या डोळ्यांनी जागा निवडली होती आणि एका चाकाखाली बोटभर जाडीची फळी सारली होती. बाबांनी पाणसळ खिशात टाकली. चाळीस वर्षांत त्यांच्या हाताखालून बरेच कारागीर गेले होते, पण असा डोळा असलेले दोनच.

नंतरच्या दिवसांत ते निमूटपणे तिच्याकडे बघू लागले. वीस लिटर पाण्यात ती दोन दिवस दोघांचं सगळं भागवायची, आणि कुठंही कंजुषी जाणवायची नाही. बटाटे धुतलेलं पाणी भांडी विसळायला, ते पाणी कुठल्याशा झुडपाला. निघताना ती एक पिशवी घेऊन जागेभोवती एक फेरी मारायची आणि आपला नसलेला कचराही उचलायची. बाबांनी एकदा विचारलं, "दुसऱ्यांची घाण आपण का काढायची?" ती म्हणाली, "पुढच्या वेळी येणाऱ्याला कुणी हाकलू नये म्हणून." बाबांनी मग दुसऱ्या दिवसापासून एक पिशवी आपल्याकडे घेतली.

सहाव्या दिवशी ते एका मोठ्या तलावापाशी पोचले. धरणाचं पाणी लांबवर पसरलेलं, कडेला सपाट, गुळगुळीत पटांगण, जणू कुणी खास गाड्यांसाठीच करून ठेवलेलं. तिथं एक भलीमोठी, नवीकोरी कॅम्परव्हॅन आधीच उभी होती, पाण्यापासून पाच पावलांवर. छत्री लावलेली, खुर्च्या मांडलेल्या. दातांचे एक डॉक्टर, त्यांची बायको आणि म्हातारी आई.

सूनबाई पटांगणावर फिरली. जमिनीवरचा पापुद्रा तिनं बुटाच्या टाचेनं उचलून बघितला, मग झुडपांपाशी गेली. परत आली आणि गाडी मागं घेऊन वरच्या उतारावर नेली, जिथं दगडगोटे होते आणि दृश्य अर्धं झाकलेलं.

बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अगं, खाली एवढी सपाट जागा आहे, आणि तू इथं चाकाखाली दगड लावत बसलीस?"

"सपाट आहे ती गाळामुळे, बाबा. पाण्यानं आणून पसरलेला गाळ. या झुडपांत बघा, कमरेच्या उंचीवर वाळकं गवत अडकलंय, सगळीकडे एकाच रेषेत. पाणी इथवर येतं. वरच्या धरणातून कधी सोडत असतील कोण जाणे."

बाबांनी बघितलं. आता सांगितल्यावर ती रेघ त्यांना स्पष्ट दिसत होती, भिंतीवर दोरी मारून काढावी तशी.

सूनबाई खाली जाऊन डॉक्टरांशीही बोलली. डॉक्टर सभ्य गृहस्थ होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, "पंधरा दिवसांत पावसाचा थेंब नाही, ताई. आणि आईला पायऱ्या उतरताना त्रास होतो, सपाट जागाच बरी पडते." ती म्हणाली, "मग निदान गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेवा." डॉक्टरांनी त्याला मान डोलावली, पण गाडी काही वळवली नाही. खिडकीतून तलाव दिसला नसता.

सकाळी बाबांना जाग आली ती इंजिनाच्या आवाजानं. नुकतं उजाडलं होतं. सूनबाई दार उघडून उभीच होती. खाली पटांगणाचा निम्मा भाग पाण्याखाली गेला होता. पाणी उसळत वगैरे नव्हतं, अगदी शांतपणे चढत होतं, आणि त्यामुळेच जास्त भीती वाटत होती. खुर्च्या तरंगत होत्या. डॉक्टरांनी गाडी मागं घ्यायला जोर लावला होता आणि चाकं गरगर फिरत खाली खाली रुतत चालली होती.

सूनबाई धावली नाही, पण झपझप गेली. "डॉक्टर, इंजिन बंद करा. आधी आजींना उतरवा."

डॉक्टरांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. बाबा आजींना हात धरून उतारावर घेऊन आले, आपल्या गाडीत बसवलं आणि अंगावर घोंगडी दिली.

"पाण्याची टाकी किती भरलीय?" सूनबाई विचारत होती.

"पूर्ण. कालच भरली. शंभर लिटर."

"सोडून द्या सगळी. तेवढं वजन कमी." मग ती गुडघ्यावर बसून चाकांतली हवा काढू लागली. "चाक पसरलं की कमी रुततं. वहिनी, तुम्ही चाकामागचा चिखल ओढा, ताटलीनं ओढा, हातानं ओढा." आणि मग तिनं वर बघितलं. "बाबा, फळ्या हव्यात. लांब आणि जाड."

तिनं कुठल्या ते सांगितलं नाही. बाबा क्षणभर थांबले. मग गाडीत गेले, गादी उचलून फेकली आणि आपल्या पलंगाच्या फळ्या खाचांतून उपसू लागले. खिळे नव्हते, डिंक नव्हता, एकेक फळी हाताच्या एका ठोक्यासरशी सुटत गेली. आजी घोंगडीतून बघत होत्या. "अहो, इतक्या छान फळ्या," त्या हळहळल्या. "फळ्याच आहेत," बाबा म्हणाले, आणि चार फळ्या खांद्यावर टाकून खाली उतरले.

पाणी आता पुढच्या चाकांच्या निम्म्यावर आलं होतं. बाबांनी चिखलात बसून फळ्या चाकांमागे सारल्या, अशा कोनात की चाक त्यांच्यावर चढेल, त्यांना ढकलणार नाही. तो कोन त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. सूनबाईनं एकदाच वाकून बघितलं आणि मान हलवली.

"आता डॉक्टर, अगदी हळू. पाय उचलल्यासारखा ठेवा. चाक जागच्या जागी फिरलं की थांबायचं."

पहिल्यांदा गाडी नुसती थरथरली. दुसऱ्यांदा मागचं चाक फळीवर चढलं आणि घसरलं. सूनबाईनं हात वर केला, सगळे थांबले, बाबांनी फळी पुन्हा बसवली. तिचा आवाज चढला नाही. तिसऱ्या वेळी चाक चढलं, फळी कडाडली, आणि ते धूड चिखल सोडून मागं सरकलं. मागच्या फळ्या उचलायच्या, पुन्हा मागं लावायच्या, पुन्हा चार हात सरकायचं. असं करत करत अर्ध्या तासानं ती गाडी दगडगोट्यांवर आली, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

डॉक्टर खाली उतरले. कोपरापर्यंत चिखल, एका पायात चप्पल. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, आणि बाबांना वाटलं, आता सूनबाई एक तरी टोमणा मारणार. मारायला हवाच होता. बाबांनी स्वतः तो तयारच ठेवला होता.

ती म्हणाली, "चहा घेऊ या का? आजी कधीच्या बसल्यात." आणि पायानं दाबायचा पंप डॉक्टरांच्या हातात देत, "चहा होईपर्यंत तुम्ही चाकांत हवा भरा. अंगात ऊब येईल."

बस. कालच्या बोलण्याचा उल्लेख नाही, झुडपांकडे बोट नाही. उलट डॉक्टरांच्या बायकोनं रडवेल्या आवाजात "काल तुम्ही सांगत होता" असं सुरू केलं, तेव्हा ती म्हणाली, "अहो, दोन वर्षांपूर्वी मी अशीच एका नदीत अडकले होते. तेव्हा एका गुराख्यानं काढलं." बाबांनी गिळलेला टोमणा चहाबरोबर आणखी खाली ढकलला. माणसाचं शहाणपण त्याला ठाऊक असलेल्या गोष्टींपेक्षा न बोललेल्या गोष्टींत जास्त असतं, असं काहीसं त्यांच्या मनात आलं. उमेदीच्या काळात आपल्या हाताखालच्या पोरांवर आपण किती आवाज चढवला होता, हेही आलं.

चारांपैकी एक फळी उभी चिरली होती. दुपारी दोघं जवळच्या गावातल्या वखारीत गेली. बाबांनी ढिगातून एक फळी निवडली, कडेनं डोळा लावून बघितली, नाकारली, दुसरी घेतली. मग उतारावर, गाडीच्या सावलीत, बाबांनी घरून आणलेला रंधा चालू झाला. सूनबाई दुसरं टोक धरून बसली होती.

"नुसती धरू नकोस," थोड्या वेळानं बाबा म्हणाले. "ये इकडे. तुझा डोळा चांगला आहे, हातही बसेल."

तिनं रंधा घेतला. पहिला पापुद्रा तुटकच निघाला, दुसराही. बाबा ओरडले नाहीत. तिच्या मनगटाला नुसतं बोट लावून म्हणाले, "जोर खांद्यातून." आठव्या की नवव्या वेळी लांबलचक, अखंड पापुद्रा सुटला आणि वळून तिच्या पायाशी पडला. ती त्याच्याकडे अशी बघत राहिली की बाबांना तिचा चेहरा प्रथमच नीट दिसला असं वाटलं.

"तुमचा पलंग मोडला मी," ती म्हणाली.

"पलंग परत होतो, मुली," बाबा म्हणाले. आठ वर्षांत त्यांनी तिला सूनबाई सोडून दुसरी हाक मारली नव्हती. तिनं ते ऐकलं आणि रंधा पुन्हा फळीवर ठेवला.

त्या फळीसाठी तिथं आणखी दोन दिवस मोडले, कारण बाबांना खाच मनासारखी बसेपर्यंत हलायचं नव्हतं, आणि तिलाही घाई नव्हती. पुढचा बेत चुकू नये म्हणून तिनं खात्यात फोन करून रजा दोन दिवस वाढवून घेतली. डॉक्टर मंडळीही वरच्या अंगाला त्यांच्या शेजारीच राहिली.

निघायच्या सकाळी बाबांनी घरी फोन लावला. फळी, चिखल, पाणी, सगळं त्यांनी आईंना साग्रसंगीत सांगितलं, आणि शेवटी गाडीपासून चार पावलं लांब जाऊन, आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, ही पोरगी फार मोठी आहे. असं माणूस मी कमी बघितलंय."

"मला आठ वर्षं झाली कळून," आई म्हणाल्या. "पण हे मला काय सांगताय? तिला सांगा."

बाबांनी फोन ठेवला. सूनबाई पिशवी घेऊन जागेभोवती शेवटची फेरी मारत होती. ते तिच्याकडे चालत गेले, आणि त्यांनी तिला सांगून टाकलं.