मोटरची नक्कल

साडेबारालाच शेडनेटमध्ये भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. मांजरी गावातल्या त्या जाळीच्या शेडमध्ये उसाची चाळीस हजार रोपं ट्रेमध्ये उभी होती, उद्या सकाळी गाडीत चढायची. मुक्ताबाईंनी एका पानाला हात लावला. कोरडं. टोक गुंडाळायला लागलेलं.

रोपांवर धुक्यासारखं पाणी उडवणारे फॉगर बंद होते. फोनवर मात्र हिरव्या अक्षरांत होतं : फॉगर चालू.

"चालू हाय म्हणं. धुकं फोनातच पडतंय वाटतं."

नातसून शेफाली तिथंच पालथ्या ट्रेवर लॅपटॉप ठेवून बसली होती. फॉगरची मोटर फोनवरून चालू-बंद करायचं ॲप तिचंच, भिंतीवरची त्याची पेटीही तिनंच बसवलेली. हातानं चालू करावी, तर मोटरीच्या खोलीला कुलूप आणि किल्ली तिच्या नवऱ्याच्या, विक्रमच्या खिशात. तो बुधवार पेठेत सुटे भाग आणायला गेलेला. बायका झाऱ्या घेऊन पळत होत्या, पण झाऱ्या किती पुरणार?

"एकपर्यंत रोपं मान टाकतील," मुक्ताबाई म्हणाल्या. "मग तुझी पेटी भिंतीवरनं उपटली म्हणून समज."

"आजी, दुसरी किल्ली नाही का?"

"या घरात कुलपाला एकच किल्ली असती. नक्कल काढली की कुनी लावलं, कुनी उघडलं, कळत न्हाई."

शेफालीची बोटं थांबली.

"मी तेच केलंय, आजी. ज्याला चालू-बंद कळतं ते कुणीही मोटर म्हणून चालेल, असा नियम, म्हणजे प्रोटोकॉल, ॲपमध्ये लिहिला. मग प्रत्येक स्क्रीनला मोटरची नक्कल मिळत गेली. फोननं आपली नक्कल चालू केली. खरी बंदच."

"मग दारावर लिही की. नकलेला आत घ्यायचं न्हाई."

"तेच लिहिते. यापुढं मोटर म्हणून फक्त क्लास चालेल, कोडमधला एक प्रकार. त्याची नक्कल होत नाही, सगळ्यांच्या हाती एकच वस्तू राहते."

नियमात एका शब्दाची भर पडली आणि त्यात न बसणारी, नक्कल करणारी ओळ लॅपटॉपनं लाल केली.

"कुनी लिवलीया ती?"

"मीच."

"खरं बोललीस ते बरं. विक्रमवर ढकललं असतंस तर पेटीच्या आधी तू भाईर गेली असतीस."

शेफालीनं ती ओळ बदलली, ॲप पुन्हा फोनवर चढवलं. एकला सात मिनिटं कमी. तिनं बटण दाबलं.

भिंतीपलीकडं मोटर घरघरली. पाइप थरथरले.

मुक्ताबाईंनी फोनकडं पाहिलंच नाही. पान ओलं होईस्तोवर त्यांचा हात पानावरच होता.

"विक्रमला फोन कर," पदरानं चेहरा पुसत त्या म्हणाल्या. "तिथंच हाय तर खोलीची दुसरी किल्ली करून आण म्हणावं. कुलपाचं निराळं असतंय."