चार पदरी फडकं

“पाणी पिण्यायोग्य आहे,” नर्सबाईंनी तिसऱ्यांदा वाचलं आणि कागद टेबलावर पालथा घातला.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत समितीची बैठक बसली होती. मास्तर चष्मा पुसत बसले. निवृत्त झाल्यापासून ते विहीर बचाव समितीचे अध्यक्ष होते आणि एकच गोष्ट सगळ्यांना सांगत फिरत होते, की खाणीतला कोळसा धुतल्यावर उरलेलं काळं पाणी ओढ्यात सोडतात आणि ओढ्यातून ते आपल्या विहिरींत उतरतं. आता विहिरींच्या वरच्याच अंगाला दुसरी खाण काढायची होती. गुरुवारी त्याची सुनावणी. आणि समितीनं स्वतःहून तपासायला पाठवलेल्या अकरा बाटल्यांचा निकाल हा असा.

“प्रयोगशाळा विकली गेली,” मास्तर म्हणाले. “दुसरं काय.”

“कुणी विकत घेतली? तुम्ही पाहिलंत?” दाराशी उभ्या असलेल्या मावशीनं विचारलं.

मास्तरांनी हात टेकले. मावशी शाळेत शिपाई. वर्ग झाडायचे, घंटा द्यायची, मुलांसाठी पाण्याचं पिंप भरायचं, ही तिची सव्वीस वर्षांची नोकरी. चौकशा करणं हा मात्र जन्मापासूनचा धंदा. पोस्टमनला ती विचारायची पत्र कुणाचं, सुताराला विचारायची लाकूड कुठलं, आणि डॉक्टर तपासायला लागला की त्यालाच विचारायची, की बाबा रे, त्या नळीतून तुला नेमकं ऐकू काय येतं. तिचा जावई म्हणायचा, “आईंना स्टेशनावर चौकशीच्या खिडकीत बसवा. लोकांनी विचारायच्या आधी त्याच लोकांना विचारतील.”

“बाटल्या मीच गोळा केल्यात,” ती म्हणाली. “दहा घरं आणि आपली शाळा. मीच जाऊन विचारते.”

“काय विचारणार?”

“ते गेल्यावर सुचेल.”

पहिलं घर शिवणवालीचं. ती मशीन थांबवायला तयार नव्हती. मावशी कापडाच्या चिंध्या बाजूला सारून ऐसपैस बसली.

“तू त्या दिवशी बाटली कशी भरलीस, ते मला पहिल्यापासून सांग.”

“कशी म्हणजे? घागरीतून. मास्तरांनीच सांगितलं होतं ना, पिता तेच पाणी द्या म्हणून.”

“आणि घागरीत कुठून आलं?”

“विहिरीतून. मावशी, तुम्हाला आज झालंय काय?”

“मधे काय केलंस?”

आता मशीन थांबलं. “मधे नेहमीचंच. तुरटी फिरवली, बसू दिलं, वरचं निवळ फडक्यातून गाळलं. आणि बाटली शहरात जायची म्हणून आणखी एकदा गाळलं. परक्या माणसाच्या हातात गढूळ पाणी द्यायचं? आपली काही लाज आहे की नाही?”

मावशीला आधी हसूच आलं. मग चपला घालून ती तडक पुढे निघाली.

पुढच्या घरी उकळून गाळलं होतं. त्यापुढच्या घरच्या आजोबांनी पाणी दोन दिवस निवळत ठेवलं होतं, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा बक्षीस मिळाल्यासारखा होता. चौथ्या घरी सासूनं गाळलं आणि सासूला नीट दिसत नाही म्हणून सुनेनं गुपचूप पुन्हा गाळलं; ही हकीकत मावशीला दोघींकडून वेगवेगळी ऐकावी लागली. दहा घरं पालथी घातली, पण लबाडी कुणीच केलेली नव्हती. पाहुण्याला द्यायचं पाणी जितकं चांगलं देता येईल तितकं त्यांनी दिलं होतं.

राहता राहिली अकरावी बाटली, शाळेची. ती मावशीनं स्वतः भरली होती, चार पदरी फडक्यातून. ते फडकं रोज सकाळी काळं व्हायचं, आणि मुलं यायच्या आत मावशी ते खसाखसा धुऊन टाकायची. मुलांनी कशाला बघायचं. आया एकमेकींना सांगायच्या, शाळेत मावशीचं पाणी असतं, काळजी नाही. ते ऐकलं की मावशीचा दिवस चांगला जायचा.

संध्याकाळी ती पुन्हा दवाखान्यात गेली आणि सगळं सांगितलं. नर्सबाईंनी कपाळाला हात लावला.

“गाळल्यावर सगळंच जातं का हो?” मावशीनं विचारलं.

“काळं जातं. गढूळपणा जातो, लोखंडही बरंच जातं. आपण तेवढंच तपासायला दिलं होतं.” नर्सबाईंनी अहवाल पुन्हा उलटून पाहिला. “पण पाण्यात विरघळलेलं जे असतं ना, ते फडक्यानं जात नाही. ते तर अजून कुणी तपासलेलंच नाही.”

“खाण येऊन नऊ वर्षं झाली.”

“मावशी, तुम्हाला काय माहीत असणार?”

“नव्हतंच माहीत. सगळ्या जगाला विचारत फिरले, आणि हे एवढं एक विचारायचं राहिलं.”

एवढं बोलून ती रडली. नर्सबाईंनी तिला खुर्ची दिली, पण ती बसली नाही. नऊ वर्षांत ते पाणी किती मुलांनी प्यायलं असेल, याचा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप सुरू झाला होता आणि तो थांबवता येत नव्हता.

नव्या बाटल्यांचा निकाल गुरुवारच्या आत येणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मावशी पुन्हा घरोघर गेली. यावेळी मागणं एकच होतं, गुरुवारपर्यंत गाळायचं फडकं धुवू नका, आणि मला द्या. लोकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू हिला वेडच लागलंय. तरी कुरकुरत का होईना, नऊ घरं तयार झाली. शिवणवाली मात्र अडून बसली.

“पोरीच्या लग्नाचं बोलणं चाललंय, मावशी. आमचं फडकं चार लोकांत मांडू? असलं पाणी प्यालेली पोर कोण करून घेईल?”

तिचंही खरंच होतं. मावशीनं तिला एक शब्दही जास्त विचारला नाही, आणि मावशीच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. कंपनीच्या साहेबांनी समितीचाच अहवाल मोठ्यानं वाचून दाखवला आणि म्हणाले, “आम्ही वेगळं काही बोलायची गरजच नाही.” मास्तर उठले आणि हातातले कागद चाळू लागले. तेव्हा मावशी कापडी पिशवी घेऊन पुढे गेली.

“अहवाल खरा आहे,” ती सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंना म्हणाली. “पण ते पाणी आम्ही गाळून पाठवलं होतं. चूक आमची आहे. गाळून जे मागे राहिलं, ते घेऊन आलेय.”

तिनं फडकी एकेक करून टेबलावर पसरली. प्रत्येकाच्या मधोमध ताटलीएवढा काळा डाग, हाताला कचकच लागणारा. शेवटी तिनं स्वतःचं फडकं ठेवलं. “हे शाळेचं,” ती म्हणाली.

अधिकारी बाईंनी मोजलं. “घरं दहा होती ना? शाळेचं सोडून इथे नऊच आहेत.”

मावशी रिकाम्या पिशवीची घडी घालू लागली. मागच्या रांगेत खुर्ची सरकली. शिवणवाली खाली मान घालून चालत आली. तिच्या फडक्याच्या चारही कडा सुबक दुमडून शिवलेल्या होत्या.

“धुतलेलं नाही,” ती एवढंच म्हणाली.

त्या दिवशी कुणी जिंकलं नाही. अधिकारी बाईंनी फडक्यांचे फोटो काढून घेतले आणि निर्णय महिनाभर पुढे ढकलला. प्रयोगशाळेची माणसं थेट विहिरींवर येतील, या वेळी विरघळलेलंही सगळं तपासतील, आणि तोवर प्यायला टँकरचं पाणी येईल, असं ठरलं. खाण होती तिथेच होती.

सोमवारी प्रयोगशाळेची बाई शाळेच्या विहिरीवर आली. मावशीनं बादली ओढली. त्या बाईनं बाटली पुढे धरली, तशी मावशीनं खांबावरचं फडकं घेऊन बाटलीच्या तोंडावर धरलंसुद्धा.

“मावशी, फडकं काढा.”

“हो, हो. हात आपोआप गेला.”

तिनं फडकं काखेत धरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्याच्या भांड्यात गढूळ पाणी ओतलं. “माफ करा हं,” ती म्हणाली. प्रयोगशाळेच्या बाईनं बाटलीचं झाकण घट्ट केलं.

“यात काय काय आहे ते सगळं कळेल ना? मला लपवून नका ठेवू. नऊ वर्षांचं विचारायचंय मला.”

“सगळं सांगू. चिठ्ठीवर पाणी कुणी भरलं म्हणून लिहू?”

“शाळेची मावशी लिहा. आणि गाळलेलं नाही, असंही लिहा.”

लिहिलेलं तिनं वाकून दोनदा वाचलं. पलीकडे घंटेची वेळ होत आली होती, मुलं फाटकातून आत येत होती. मावशीनं फडकं झटकलं, पण धुवायला नेलं नाही. काळ्या डागासकट, सगळ्यांना दिसेल असं, ते विहिरीजवळच्या दोरीवर वाळत घातलं आणि ती घंटा द्यायला गेली.